गिअरवरचं झाकण

टेम्पोतून लेथ मशीन उतरवायला सहा माणसं लागली, आणि त्या सहा जणांना पाणी विचारायलाही साडेसातची बायको बाहेर आली नाही. तिनं शिवणाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मशीन असं काही पळवलं, की शाळेच्या गणवेशाचे दोन शर्ट तरी तेवढ्या वेळात शिवून झाले असतील. लेथ मागच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलं, माणसं गेली, तरी तिच्या मशीनची टकटक थांबली नाही. साडेसातला कळायचं ते कळलं.

हे नाव त्याला कारखान्यातल्या मित्रांनी दिलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी लेथच्या गिअरमध्ये सापडून त्याच्या डाव्या हाताची अडीच बोटं गेली. दोन मुळापासून आणि तिसरं मधल्या पेरापासून. दहातून अडीच गेले, राहिले साडेसात. "साडेसाती तरी कधी ना कधी सुटते, हा काही सुटत नाही," असं म्हणून मित्र हसायचे आणि तोही हसायचा. हसण्यानं त्याचं काही जाणार नव्हतं. जायचं ते गेलंच होतं.

त्याआधी तो टर्नर होता, लेथवर लोखंड कातणारा, आणि तो नुसता पोटापुरता टर्नर नव्हता. दुसऱ्याच्या हातून बिघडलेलं काम शेवटी त्याच्याकडे यायचं. अपघातानंतर कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे आणि साहेबांना सलाम ठोकायचा. पाळी सुटली की टर्नर लोक त्याच्या समोरून घरी जायचे, त्यांच्या कपड्यांना तापलेल्या तेलाचा वास असायचा. तो वास आला की साडेसात मान खाली घालून उगाचच वहीत काहीतरी लिहीत बसायचा.

निवृत्त झाल्यावर वर्षभर तो सकाळी फिरायला जाई आणि दुपारी झोपे. एक दिवस फिरून येताना रस्त्याकडेच्या एका दुरुस्तीच्या दुकानासमोर तो थबकला. दुकानदार म्हातारा झाला होता, दुकान आवरत होता. दाराशी एक लेथ उघडं पडलं होतं, चामड्याच्या पट्ट्यावर चालणारं, साडेसातपेक्षाही वयानं मोठं. उद्या ते फोडून भट्टीत जाणार होतं. साडेसातनं त्याच्या बेडवरची, म्हणजे खालच्या लांब पाटावरची, काजळी अंगठ्यानं पुसली. खाली लोखंड आरशासारखं होतं.

"फोडू नका," तो म्हणाला.

"मग काय करू? घेतोस?"

साडेसातनं घरून आपली मोटरसायकल आणून त्याच्या दारात लावली, लेथच्या बदल्यात किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि चालत घरी आला. बायकोला सांगितलं ते घरी पोचल्यावर.

"ज्यानं हात खाल्ला, तेच घरात आणता?" ती म्हणाली.

"हे ते नाही. ते कारखान्यात होतं."

"जात तीच ना! आणि तुमचा निष्काळजीपणा मला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं ठाऊक आहे."

निष्काळजीपणा हा शब्द तिचा स्वतःचा नव्हता. तो कपाटातल्या एका कागदावर होता. अपघाताच्या अहवालाची ती प्रत तिनं इतक्या वेळा वाचली होती, की शेवटच्या दोन ओळी तिला तोंडपाठ होत्या. 'गिअरवरील झाकण कामगाराने परस्पर काढून ठेवले होते. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.' खाली साडेसातची सही. तेव्हापासून घरात पेला फुटला, दूध उतू गेलं, दिवा चालू राहिला, की तो शब्द बाहेर यायचाच. साडेसात ऐकून घ्यायचा.

"तुझ्या बोटातून दोनदा सुई आरपार गेली," तो आता म्हणाला. "तू शिवायचं सोडलंस?"

"सुई आणि हे सारखं?"

"सारखं नाही. पण सोडलंस का, सांग ना."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. जेवायला या. गॅस संपत आलाय. एवढंच.

साडेसातनं पहिले पंधरा दिवस नुसतं मशीन धुतलं. एकेक भाग सुटा केला, रॉकेलमध्ये भिजवला, ब्रशनं घासला, जुन्या चादरीवर ओळीनं मांडला. चकमध्ये, म्हणजे सळई पकडणाऱ्या जबड्यात, कुणा अनोळखी टर्नरच्या हातचा पितळेचा कीस वाळून बसला होता, तो त्यानं सुईनं काढला. बेडवर सूक्ष्म झीज होती, पण मशीन निकामी ठरावं एवढी नव्हती. नवीन पट्टा घातला, छोटी मोटर बसवली. सगळं जागेवर आलं. एकच गोष्ट नव्हती. डाव्या टोकाला गिअर उघडे होते. त्यांच्यावरचं झाकण कधीकाळी हरवलं होतं, आणि म्हाताऱ्या दुकानदाराला ते कधी होतं हेही आठवत नव्हतं.

मोटरचं बटण दाबलं असतं तर मशीन त्याच दिवशी फिरलं असतं. साडेसातनं दाबलं नाही. त्यानं पत्रा आणला.

कपाटातल्या कागदावर जे लिहिलं होतं ते खोटं होतं, पण विभागातले टर्नर नोकरीच्या भीतीनं गप्प राहिले, आणि नात्यात हे दोघांनाच माहीत होतं. एक साडेसात आणि दुसरा त्याच्या बायकोचा मोठा भाऊ. दादा त्या वेळी त्यांच्या विभागाचा सुपरवायझर होता. आईबाप लहानपणीच गेल्यावर बहिणीला त्यानंच वाढवलं, आणि आपल्या हाताखालचा सगळ्यात चांगला टर्नर बघून तिचं लग्नही त्यानंच लावून दिलं. कारखान्यात तो साडेसातला 'अरे' म्हणायचा, घरी आला की 'अहो'. त्या वर्षी वेगवेगळ्या आट्यांचे बोल्ट करायचं मोठं काम आलं होतं. दर वेळी आटे बदलले की गिअर बदलायचे, गिअर बदलायचे तर झाकण काढायचं, परत लावायचं. त्यात वेळ जातो म्हणून दादानं सगळ्या मशीनची झाकणं काढायला लावली. तीन महिन्यांनी एका दुपारी साडेसात नेहमीसारखा डाव्या हातानं मागच्या घोडीवरची सळई उचलायला गेला, आणि झालं. दुसऱ्या दिवशी चौकशीला माणूस यायच्या आत झाकणं परत मशीनवर चढली होती. दादा कागद घेऊन दवाखान्यात आला, म्हणाला, सही केलीस तर गेटवर तरी लावून घेतील, नाहीतर घरी बसशील. उजवा हात शाबूत होता. साडेसातनं सही केली. आता सासरी असलेली मुलगी तेव्हा बायकोच्या पोटात होती आणि बायकोला माहेर म्हणून दादाखेरीज कुणी नव्हतं.

तर साडेसातनं पत्रा आणला. करवतीनं कापला, कडा कानशीनं गुळगुळीत केल्या, लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याला गोलाई दिली. पत्रा धरायला डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी, एवढीच चिमटी होती. पत्रा सटकायचा, तो शिवी द्यायचा, परत धरायचा. पहिलं झाकण गिअरला घासलं. दुसरं तिरपं बसलं. तिसरं असं बसलं, की आत बोट जाऊ म्हटलं तरी जाणार नाही. तीन आठवडे गेले. बायको वाळत घातलेले कपडे काढायला मागे यायची तेव्हा तिरक्या नजरेनं बघायची. निष्काळजी माणूस एका झाकणापायी तीन आठवडे घालवतो, हे काही तिच्या हिशेबात बसत नव्हतं, पण विचारणार कोण?

मशीन चालू केलं त्या सकाळी त्यानं बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, अंगठी काढून खिडकीत ठेवली, चकची चावी भिंतीवर टांगली. मग बटणाजवळ गेलेला हात तसाच थांबला. तो मागे येऊन स्टुलावर बसला. "भ्यालास?" त्यानं स्वतःलाच मोठ्यानं विचारलं. "हो, भ्यालो. मग? भिऊन करू." तो उठला आणि त्यानं बटण दाबलं.

पट्टा सळसळला, चक फिरू लागलं. कापायचं टूल हळूच सळईला टेकलं आणि लोखंडाचा पहिला कीस वळत वळत खाली आला. साडेसातच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही, कारण चालू मशीनजवळ हात डोळ्यांकडे न्यायचा नसतो.

एक अडचण होती. टूल धरणारी कॅरेज सरकवायच्या चाकाची मूठ बारीक होती, डाव्या हाताच्या अंगठ्या-करंगळीत ती ठरत नसे. त्यानं पितळेचा गोळा घेतला, आपल्या उरलेल्या पंज्याचं माप घेतलं, आणि त्याच लेथवर कमरेशी बारीक, डोक्याशी फुगीर अशी एक मूठ कातली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती नीट बसली नसती. त्याच्या हातात घट्ट बसली.

आता रोज सकाळी दहा ते एक मशीनची घरघर ऐकू येऊ लागली, तेव्हा बायकोचा धीर सुटला. तिनं दादाला फोन केला. "तू सांग. तुझं ऐकतात ते."

दादा रविवारी सकाळी आला. सत्तरी उलटली होती तरी चालण्यात अजून सुपरवायझर होता. तो थेट मागे गेला, मशीनभोवती एक फेरी मारली, आणि न राहवून बेडवरून अंगठा फिरवून बघितला.

"बेड बरा आहे," तो म्हणाला. "पण अहो, हे काय वय आहे का? काय करणार ह्याच्यावर?"

"वाफेचं इंजिन. टेबलावर मावेल एवढं."

"ते कुणाला हवंय?"

"मला."

"त्यानं पाणी चढणार आहे, की दिवे लागणार आहेत?"

"फिरेल," साडेसात म्हणाला. "मी बघेन."

दादानं मान हलवली. मग त्याची नजर डाव्या टोकाकडे गेली. "हे झाकण तुम्ही केलं?"

"हो."

"किती दिवस लागले?"

"तीन आठवडे."

दादा खो खो हसला. तेवढ्यात बहीण चहाचे कप घेऊन दारात आली, तिच्याकडे वळून तो हसत हसत सांगू लागला, "ऐकलंस? तीन आठवडे! नवऱ्याला सांग तुझ्या, कामाची रीत अशी नसते. गिअर बदलायचे म्हटलं की दोन नट खोला, झाकण उतरवा, गिअर घाला, परत दोन नट. चार मिनिटं मातीत. माझ्या विभागात मी ही भानगडच ठेवली नव्हती. बाराच्या बारा मशीनची झाकणं काढून स्टोअरमध्ये टाकली होती, तेव्हा कुठे काम वेळेत…"

तो थांबला. पण थांबायला उशीर झाला होता.

"कधी?" बहिणीनं विचारलं.

"काय कधी?"

"झाकणं कधी काढली होतीस?"

"अगं, जुन्या गोष्टी आहेत त्या. कारखान्यात असं चालतं."

"ह्यांच्या अपघाताच्या आधी, की नंतर?"

दादानं साडेसातकडे बघितलं. ती नजर साडेसातला चांगली ओळखीची होती. सांभाळून घे, असं ती म्हणायची, आणि सव्वीस वर्षं त्यानं सांभाळून घेतलं होतं. आताही 'नंतर' असा एक शब्द पुरला असता.

"आधी," साडेसात म्हणाला. "तीन महिने आधी."

बायकोनं कप खाली ठेवले. "कागदात लिहिलंय की ह्यांनी स्वतः काढलं."

"मग सही कुणाची आहे त्यावर?" दादाचा आवाज चढला. "अरे, गप्प काय उभा आहेस? सांग की तिला! तुझीच आहे ना सही?"

"दादा," बहीण म्हणाली, "हे माझे यजमान आहेत, तुझ्या हाताखालचे कामगार नाहीत. अहो म्हण."



"सही माझीच आहे," साडेसात म्हणाला. "पेन तुम्ही दिलंत, मी केली. मी नाही म्हणत नाही."

"आणि मी तोंड घातलं नसतं तर गेटवर तरी कुणी उभं केलं असतं तुम्हाला? उपाशी मेला असतात!"

"असेल. म्हणून तर इतकी वर्षं सलाम ठोकले, एक शब्द बोललो नाही. पण आता मी गेटवर नाही, दादा. हे माझं घर आहे आणि हे माझं मशीन आहे. ह्याचं झाकण काढायचं की ठेवायचं, हे मी ठरवणार."

दादा बहिणीकडे वळला. "ह्याच्यासाठी तुला लहानाची मोठी केली का? मला आरोपीसारखं उभं करायला?"

"तू मोठी केलीस म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर दार लावून घेतलं असतं, बोलले नसते." तिचा आवाज कापत होता, पण ती मागे हटली नाही. "त्या कागदात होतं ते खोटं होतं, एवढं मला लिहून दे. कंपनीला नको, पोलिसांना नको. मला दे. मी तो जुना कागद सव्वीस वर्षं वाचलाय, आता हा वाचेन."

"मी काही लिहून देणार नाही," दादा म्हणाला, आणि चहा न घेता निघून गेला. फाटक त्यानं इतक्या जोरात आपटलं, की कडी निखळून पडली.

साडेसातला वाटलं, आता बायको आपल्या बाजूची झाली. ती त्याच्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा बघून त्याचा अंदाज साफ चुकल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"आणि तुम्ही!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी तुम्हाला उठता-बसता निष्काळजी म्हणत राहिले, आणि तुम्ही म्हणू दिलंत?"

"तुला दादाशिवाय माहेर नव्हतं गं."

"ते ठेवायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. तुम्ही कोण माझ्या वतीनं ठरवणारे?"

आधी ती कामापुरतं तरी बोलायची, आता तेही बंद झालं. जेवणाचं ताट टेबलावर मांडलेलं असायचं आणि ती आत असायची. आठ दिवस असे गेले. साडेसात मशीन मात्र रोज चालवत राहिला. ते बंद ठेवून समजूत घालणं त्याला सोपं होतं, पण तो हट्टालाच पेटला होता. एकदा गप्प बसून त्यानं काय मिळवलं होतं?

नवव्या दिवशी ती स्वतःचं शिवणाचं स्टूल उचलून मागच्या खोलीत आली आणि त्यावर बसली. "दाखवा. कसं झालं ते."

त्यानं आधी मोटरची पिन काढली. मग दोन नट खोलून झाकण उतरवलं. घोडी इथे होती, सळया अशा रचलेल्या होत्या, मी इथे उभा होतो. त्यानं हात तसा नेऊन दाखवला. त्याच्या हातापासून गिअरच्या दातांपर्यंत जेमतेम चार बोटांचं अंतर होतं. तिनं स्वतःचा हात मधे धरून ते मापलं, शिंपिणीच्या सवयीनं.

"एवढंसं?" ती म्हणाली.

"एवढंसं."

ती बराच वेळ त्या दातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी जे काम चाललं होतं, ते ह्याच्यावर करता येतं का?"

"आटे पाडायचं? येतं. पण ते मी अजून केलं नाही."

"का?"

"तिथपर्यंत आलो नाही," तो म्हणाला, आणि मग खरं ते सांगितलं, "धीर होत नाही."

"करा. मी बसलेय."

त्यानं गिअर बदलले. झाकण लावलं, दोन्ही नट पान्यानं घट्ट आवळले, पिन लावली. चार मिनिटांच्या जागी दहा लागली, आणि घड्याळाकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं. मशीन सावकाश फिरू लागलं. टूल सळईवरून गेलं आणि मागे मळसूत्री रेघ उमटली. मागे आणलं, किंचित आत घेतलं, परत सोडलं. नऊ वेळा. दहाव्या वेळी त्यानं मशीन थांबवून एक नट त्या आट्यांवर चढवला. तो दोन फेरे जाऊन अडकला. साडेसातनं नट काढला, आटे पुसले आणि आणखी केसभर कापलं. मग नट बोटाच्या एका टिचकीसरशी शेवटपर्यंत गरगरत गेला.

बायको हसली नाही की तिनं शाबासकीही दिली नाही. "उद्या दहाला बसणार ना?" एवढंच विचारलं आणि स्टूल तिथेच ठेवून गेली.

महिन्याभरानं वहिनीचा फोन आला. दादाचं म्हणणं असं होतं, की ते मशीन काढून टाका, झालं गेलं विसरू, मग येणं-जाणं पहिल्यासारखं सुरू करू. साडेसात शेजारीच बसला होता. क्षणभर त्याला वाटलं, ही आता आपल्याकडे बघेल. तिनं बघितलं नाही.

"वहिनी, मशीन राहणार आहे," ती म्हणाली. "दादाला सांग, ये म्हणावं कधीही, दार उघडं आहे. फक्त कागद घेऊन ये. आणि हो, गुडघा कसा आहे तुझा?"

दादा आजवर आलेला नाही, त्यानं कागदही पाठवलेला नाही. ती महिन्यातून एकदा वहिनीला भेटायला जाते, तेव्हा तो आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेला असतो. ती बाहेर बसून मुद्दाम मोठ्या आवाजात सांगते, इंजिनाचं चाक झालं, दट्ट्या झाला, आता फक्त सिलिंडर राहिलाय. आतून पान उलटल्याचा आवाज येत नाही.

सिलिंडर मात्र साडेसातला अजून साधलेला नाही. पहिल्याचं भोक एका टोकाला मोठं झालं. दुसऱ्यात टूल थरथरलं आणि आत रेघा उठल्या. तिसरा अगदी शेवटच्या कापात त्याच्याच हातून बिघडला, तेव्हा त्यानं तो उचलून कोपऱ्यातल्या डब्यात टाकला आणि अशी काही शिवी हासडली, की बायकोनं शिवणाच्या खोलीतून ओरडून विचारलं, "काय झालं?"

"बिघडला!"

"मग?"

"मग काय! पितळ आहे अजून," तो ओरडून म्हणाला, आणि करवत घेऊन चौथा तुकडा कापायला बसला.